बोटीवरच्या दोन भाषा आणि आपलं 'म्हणे'

(वाचनालयातल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

अध्यक्षांनी माझी ओळख 'भाषांचे अभ्यासक' अशी करून दिली. ती आधी दुरुस्त करतो. मी इंजिनातला माणूस. आयुष्याची एकतीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली निम्मी अधिक तेलात हात घालून. भाषेचं शिक्षण म्हणाल तर दहावीपर्यंतचं मराठी, आणि त्यातही 'प्रयोग ओळखा' हा प्रश्न मी कायम ऑप्शनला टाकायचो. त्याची शिक्षा पुढं समुद्रावर भोगली, ते सांगेनच. घरी बसल्यावर मात्र पुस्तकं मागवली, व्याकरणं चाळली, आणि बोटीवर भरलेल्या एका वहीतल्या नोंदी त्यांच्याशी ताडून पाहिल्या. आजचं बोलणं त्या वहीतलं आहे.

विषय ऐकून काही जण हसले असतील. तगालोग आणि लात्वियन! छापताना आपल्याकडे 'टागालोग' करतात, पण बोलणारे दंत्य त लावतात. ही मनिला आणि तिच्या आजूबाजूची भाषा. नाव 'तागा-इलोग', म्हणजे नदीकाठचा, यावरून आलं असं सांगतात. दुसरी बाल्टिक समुद्राकाठच्या लात्विया देशाची, रीगा जिची राजधानी. दोघींमध्ये अर्धी पृथ्वी आडवी पडली आहे. एकीच्या मुलखात नारळ, दुसरीच्या मुलखात बर्फ. यांची तुलना करायला कोण बसणार?

पण एक जागा अशी आहे जिथं या दोघी रोज एका टेबलावर जेवतात. ती जागा म्हणजे मालवाहू बोट.

१९९६ साली मी एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या बोटीवर, थर्ड इंजिनिअर होतो. माझा सेकंड, म्हणजे माझ्या वरचा सेकंड इंजिनिअर, लात्वियाचा, लिएपाया बंदराचा. सहा फुटांच्या वर उंच, बोलणं मोजून मापून. फिटर, इंजिनाचं तेलपाणी बघणारे ऑइलर, कुक, जेवण वाढणारा मेसमन आणि डेकवरचे सगळे खलाशी फिलिपिनो. माझा वॉच, म्हणजे पाळी, बारा ते चार, सेकंडचा चार ते आठ. म्हणजे पहाटे चारला आणि दुपारी चारला आम्ही दोघं आणि आमचे दोन ऑइलर असे चौघं कंट्रोल रूममध्ये समोरासमोर यायचो. कामापुरतं इंग्रजी सगळ्यांना येत होतं. पण कामापुरतं इंग्रजी कामापुरतंच असतं. कॉफी पिताना माणूस आपल्या भाषेत शिरतो, आणि मी मधे बसून ऐकायचो.

पहिल्या आठवड्यात मी एक ठाम मत बनवलं, आणि ते साफ चुकलं. माझं मत असं की तगालोग आपली नातेवाईक आणि लात्वियन परकी. का? तर ऑइलरच्या तोंडून सारखे आपले शब्द पडायचे. शिक्षकाला गुरो. चेहऱ्याला मुखा. आशेला आसा. गरीब माणसाला दुखा. परीला, देवीला दिवाता. किंमत म्हणजे हालागा, आणि हा आपला 'अर्घ'. महार्घचं 'महाग' झालं, त्यातला शेवटचा ग याच घरचा. साधं 'शब्द' या अर्थी ते सालिता म्हणतात, ते संस्कृत 'चरित'. मी खूश! म्हटलं, हे तर आपले भाऊबंद.

सेकंड जे बोलायचा त्यात मला स्, त्स्, श् यांच्या फुसफुशीखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

मग एक दिवस पिस्टन काढायचं काम निघालं. सिलिंडर हेडचे नट उघडून एका ताटात ठेवत होतो आणि सेकंड मोजत होता. व्हिएन्स, दिवि, त्रीस, चेत्रि, पिएत्सि, सेशि, सेप्तिन्यि, अस्तुओन्यि. आठवा नट ताटात पडला आणि मी स्पॅनर तसाच हातात धरून उभा राहिलो. अस्तुओन्यि! अष्ट! मागं जाऊन पुन्हा बघा: सेप्तिन्यि सप्त, चेत्रि चत्वारि, त्रीस त्रि, दिवि द्वि. पुढचे त्याच्याकडून म्हणवून घेतले. देविन्यि नऊ, देस्मित दहा. शंभराला सिम्त्स, आपलं शत. ऑइलर शेजारीच उभा होता. त्याला म्हटलं, तू मोज. तो म्हणाला, इसा, दालावा, तात्लो, आपात, लीमा. एकही ओळखीचा नाही.

तेव्हा मला कळलं की शब्द उसने मिळतात, पण एक ते दहा सहसा कोणी उसने आणत नाही. लात्वियन आपली नात्यातली. फार लांबची, पाच-सहा हजार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली, पण रक्ताची. इंडो-युरोपीय कुळातल्या बाल्टिक शाखेच्या आज दोनच बहिणी जिवंत आहेत, लिथुआनियन आणि ही. तिसरी, जुनी प्रशियन, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. तगालोगचं गोत्र वेगळं, ऑस्ट्रोनेशियन. तिची 'लीमा' म्हणजे पाच ही मादागास्करपासून हवाईपर्यंत थोड्याफार फरकानं तशीच सापडते. एवढ्या पाण्यावर पसरलेलं दुसरं कूळ नाही. दर्यावर्दी लोक ते, आपण नुसते पगारी.

एकदा कान लागल्यावर सेकंडच्या फुसफुशीतून घरचीच मंडळी बाहेर यायला लागली. देव म्हणजे दिएव्स. स्वप्न सप्निस. वारा वेय्श, तो वायू. विस्तव उगुन्स, तो अग्नी. अश्रूला असर. जिवंत म्हणजे द्झीव्स. नवऱ्याला वीर्स म्हणतात, वीर. आमच्या घरात नवऱ्याला काय म्हणतात ते इथं सांगत नाही. आणि ती शेवटची स् ची फुसफुस, जिच्यामुळं मी फसलो, ती तर आपल्या आजीच्या बोलण्यातली. संस्कृतात 'देवः' म्हणतो त्यातला विसर्ग हाच. आपण तो प्राकृतात कुठंतरी टाकून दिला, त्यांनी जपून ठेवला. इतका जपला की बाहेरून आलेल्या माणसालाही तो चिकटवतात. शेक्सपिअर तिथं शेक्स्पीर्स होतो. माझं आडनाव सावंत. सेकंडनं बोर्डावर ड्यूटी लिहिली ती 'साव्हंत्स' अशी. बायको बोटीवर असती तर ती 'साव्हंता'. हाक मारताना मात्र पुन्हा 'साव्हंत!', कारण संबोधनात प्रत्यय गळतो. याच कारणावरून तिथं खटला झाला आहे. परदेशी नवऱ्याचं आडनाव पासपोर्टावर लात्वियन वळणानं लिहिलं म्हणून एक बाई थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या, आणि २००४ साली न्यायालयानं त्यांची तक्रार दाखल करून घ्यायला नकार दिला. व्याकरणानं माणसाला हरवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आता तगालोगमधले ते गुरो आणि मुखा कुठून आले? उसने आले, बहुतेक जुन्या मलायच्या मार्गानं. याचा एक पुरावा फार सुंदर आहे. १९८९ च्या सुमारास मनिलाच्या दक्षिणेला लागुना प्रांतात, नदीच्या मुखाजवळ वाळू उपसताना एका मजुराला काळवंडलेला तांब्याचा पत्रा सापडला. आज तो मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अन्तोन पोस्त्मा या डच अभ्यासकानं तो वाचला. लिपी कावी, जावाकडची. भाषा जुनी मलाय, संस्कृत शब्दांनी भरलेली. आणि सुरुवात कशी आहे? स्वस्ति, शकवर्ष ८२२, वैशाख महिना, कृष्ण चतुर्थी, सोमवार. इसवी सन ९००. आपल्या लग्नपत्रिकेवर अजून शके छापतात ना, तेच शके. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांपैकी एक, आपला अक्षीचा शिलालेख, इथून फार लांब नाही, तो शके ९३४ चा मानतात. म्हणजे हा पत्रा त्याहून एकशेबारा वर्षांनी थोरला. मजकूर मोठा धार्मिक वगैरे असेल असं वाटतं, पण नाही. नामवरान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज फिटलं, तो आणि त्याचे वंशज मोकळे झाले, त्याची ही पावती. नील दाखला म्हणा! फिलिपिन्समधला सगळ्यांत जुना ज्ञात दस्तऐवज म्हणजे कर्जफेडीचा कागद, आणि त्यावर आपलं पंचांग.

उसनवारीत माल कधी हिंदकळतो तेही पाहा. संस्कृतात अयुत म्हणजे दहा हजार आणि लक्ष म्हणजे एक लाख. तगालोगमध्ये लाक्सा म्हणजे दहा हजार आणि युता म्हणजे एक लाख. अदलाबदल! वाटेत कुठल्यातरी बंदरात गाठोडी बदलली. आता रोजच्या व्यवहारात हे शब्द कोणी वापरत नाही, स्पॅनिश वळणाचे आकडे चालतात. पण माझ्या ऑइलरच्या आजीला ते ठाऊक होते.

स्पॅनिशवरून साबण आठवला. इंजिन रूममधून वर येताना हात धुवायचं एक बेसिन होतं. एकदा साबण संपला होता आणि तिघांनी एकाच वेळी आपापल्या भाषेत शिवी घालून साबण मागितला. मी 'साबण', ऑइलर 'साबोन', सेकंड 'झिएपेस'. पहिले दोन जुळतात हे उघड आहे. त्यांचं साबोन स्पॅनिशमधून, आपलं साबण पोर्तुगीजातून म्हणा की अरबीतून, मूळ लॅटिन 'सापो'. तिसरा वेगळा, असं मी वहीत लिहिलं. वीस वर्षांनी घरी पुस्तकात पाहिलं तर लात्वियन झिएपेस हा जर्मन व्यापाऱ्यांकडून घेतलेला शब्द, आणि लॅटिन 'सापो' हाही मुळात जर्मानिक टोळ्यांकडूनच रोमनांनी उचललेला. तिघं एकच शब्द ओरडत होतो. एक उत्तरेकडून आला, दुसरा स्पेनहून मनिलाला गेला, तिसरा गोव्याला उतरला.

उच्चाराच्या बाबतीत दोघींनीही माझी फजिती केली, पण वेगवेगळ्या रीतीनं. लात्वियनमध्ये आघात जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर, त्याची काळजी नको. पण ऱ्हस्व-दीर्घ जिवावर बेततं. सेकंडच्या भावाचं लग्न ठरलं. मी शब्द पाठ करून गेलो आणि मोठ्या प्रेमानं 'कझस'बद्दल अभिनंदन केलं. तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. लग्न म्हणजे 'काझस'. 'कझस' म्हणजे शेळ्या. आमच्या पाचवीच्या बाई 'दिन' आणि 'दीन' यावरून छडी मारायच्या, त्यांची तेव्हा फार आठवण झाली. तगालोगमध्ये उलट, आघात सरकला की अर्थ सरकतो. 'तूबो', जोर पहिल्यावर, म्हणजे पाइप. 'तुबो', जोर शेवटी, म्हणजे ऊस. बिल्ज पंपाच्या बाजूचा ऊस जरा आवळून घे, असा हुकूम मी आठवडाभर देत होतो. ऑइलर बिचारा 'ओपो सर' म्हणून पाइप आवळायचा. हे 'पो' म्हणजे त्यांचं 'जी'. वाक्यात जागा मिळेल तिथं पेरतात. शिवाय वडीलधाऱ्यांना अनेकवचनात बोलतात, आपल्या 'तुम्ही'सारखं. लात्वियनमध्येही एकाला तु आणि मानाला यूस. माणसाला मोठं करायचं तर त्याला एकाचे अनेक करायचे, ही युक्ती तिघींना सुचली.

एक लिफ्टचा विनोद सांगतो. तो फिलिपिन्समध्ये इतका जुना आहे की ते स्वतः हसत नाहीत, पण परक्याला ऐकवायला त्यांना फार आवडतो. आमच्या बोटीला लिफ्ट होती. दार उघडलं, आत मेसमन. बाहेरच्या खलाशानं विचारलं, "बाबाबा बा?" आतून उत्तर आलं, "बाबाबा." दार बंद. झालं! अख्खं संभाषण एका ब वर. 'बाबा' हा धातू, अर्थ खाली जाणे. भविष्यकाळ करायचा तर पहिलं अक्षर दुप्पट करायचं, 'बाबाबा', खाली जाणार. शेवटचा 'बा' म्हणजे आपलं प्रश्नार्थक 'का'. खाली जाणार का? खाली जाणार.

आता येतो त्या ऑप्शनला टाकलेल्या प्रश्नाकडे. तगालोगमध्ये प्रत्यय नुसते पुढं-मागं लागत नाहीत, धातूच्या पोटात शिरतात. 'बिली' म्हणजे विकत घेणे. पोटात 'उम' घातला की बुमिली. 'इन' घातला की बिनिली. दोन्हींचा अर्थ 'विकत घेतलं'. मग फरक काय? कुकनं बंदरात मासे घेतले, एवढंच वाक्य घ्या. 'बुमिली नाङ इस्दा आङ कुसिनेरो.' इथं क्रियापद पहिलं, आणि 'आङ' ही मानाची टोपी कुकच्या डोक्यावर. आता 'बिनिली नाङ कुसिनेरो आङ इस्दा.' टोपी माशाच्या डोक्यावर गेली, आणि टोपी कोणाच्या डोक्यावर आहे ते क्रियापदानं पोटातला प्रत्यय बदलून सांगितलं. बिनिल्हान म्हटलं तर टोपी ज्याच्याकडून मासे घेतले त्या कोळ्याला. इबिनिली म्हटलं तर ज्याच्यासाठी घेतले त्या कप्तानाला. इपिनाम्बिली म्हटलं तर ज्या पैशानं घेतले त्या पैशाला. म्हणजे वाक्यात कोणालाही खुर्चीवर बसवता येतं, फक्त क्रियापदाला तशी वर्दी द्यावी लागते.

ऑइलरनं हे मला समजावलं तेव्हा मला माझे गुरुजी दिसले. कर्तरी, कर्मणी, भावे! आपल्याकडं 'कुक मासा घेतो' यात क्रियापद कुकचं ऐकतं आणि 'कुकनं मासा घेतला', 'कुकनं मासळी घेतली' यात माशाचं. आपण तीन प्रयोगांत दमलो, त्यांच्याकडे पाचाच्या पुढं जातात. या गोष्टीवर भाषाशास्त्रज्ञ शंभरेक वर्षं भांडत आहेत. लेनर्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन पंडितानं १९१७ साली तगालोगचं जे व्याकरण छापलं, ते इलिनॉय विद्यापीठात शिकणाऱ्या एका फिलिपिनो विद्यार्थ्याला समोर बसवून, त्याच्या तोंडच्या गोष्टी उतरवून घेऊन. मनिलाला न जाता. तेव्हा मी निदान बोटीवर तरी होतो, असं स्वतःला सांगतो.

आणि हो, तो 'ङ'. आपण वर्णमालेत घोकतो आणि 'वाङ्मय' सोडलं तर आयुष्यभर त्याच्याकडं पाहत नाही. तगालोगमध्ये तो शब्दाच्या सुरुवातीला सुद्धा येतो. ङायोन म्हणजे आत्ता. आपल्याकडचा बेकार तिकडं नोकरीला लागलाय.

लात्वियनची गंमत निराळी. सेकंड एकदा घरचं सांगत होता: "मन् इर दिवि ब्राल्यि." शब्दाला शब्द ठेवा. मला आहेत दोन भाऊ. इंग्रजीत भाऊ 'बाळगावे' लागतात, लात्वियनमध्ये आणि मराठीत ते 'मला असतात'. मला आवडतं, ते 'मन् पतीक'. मला थंडी वाजते, 'मन् सल्स्त'. चार वाजता वॉच संपला की मी म्हणायचो, मला जायचंय. त्याच्या भाषेत 'मन् याइएत'. धातूच्या पुढं 'या' लावला की ते करणं भाग आहे असा अर्थ होतो, आणि करणारा माणूस 'मी' राहत नाही, 'मला' होतो. हे ऐकल्यावर मला वाटलं, बघा, रक्ताचं नातं! पण पुन्हा घाई केली. हे 'या' लावणं लात्वियननं आपल्या घरात उशिरा तयार केलं, तिच्या सख्ख्या बहिणीकडे, लिथुआनियनकडे, ते नाही. आणि आपलं 'मला जायचंय' हे या उपखंडातल्या भाषांच्या सहवासातलं. दोघींनी वेगवेगळ्या काळात, एकमेकींना न विचारता, कर्तव्य आणि थंडी या दोन्ही गोष्टी माणसाला 'होतात', तो त्या 'करत' नाही, असं ठरवलं.

उलट 'आपण' आणि 'आम्ही' बघा. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, जेवणाच्या वेळी म्हणायचा, "काकाईन ना तायो." आपण जेवूया, म्हणजे चल तू पण. 'तायो'च्या जागी 'कामी' म्हणाला तर आम्ही जेवतोय, तुझं तू बघ. सेकंडला हा फरक समजावता समजावता आम्ही दोघं थकलो. त्याच्याकडे एकच 'मेस'. आपल्या रक्ताच्या नातलगाला कळेना आणि परक्या गोत्राच्या बोसनला न सांगता कळलं, कारण मराठीनं ही सोय द्रविड शेजाऱ्यांकडून घेतली असं जाणकार मानतात. 'तो-ती'च्या बाबतीत पुन्हा पारडं फिरतं. तगालोगमध्ये दोघांना एकच 'सिया', म्हणून फिलिपिनो माणूस इंग्रजीत बायकोला बिनदिक्कत 'ही' म्हणतो. लात्वियनमध्ये सगळं पुल्लिंगी नाहीतर स्त्रीलिंगी. सूर्य, म्हणजे सउले, तिथं बाई आहे आणि चंद्र पुरुष.

ही सउले त्यांच्या दैनांमध्ये जागोजागी भेटते. दैना म्हणजे चार ओळींचं लोकगीत. बायकांनी रचलेली, कामं करताना म्हटलेली, लग्नाची, मरणाची, आणि ऐका, जात्यावरची. पहाटेच्या अंधारात दळायला बसलेली पोरकी मुलगी त्या गीतांमध्ये पुन्हा पुन्हा येते. जात्याला 'द्झिर्नवस' म्हणतात, वेदातला सोम कुटायचा दगड 'ग्रावन्' तोच. क्रिश्यानिस बरोन्स नावाच्या गृहस्थानं ही गीतं जमवली. गावोगावहून पत्रानं येणारी गीतं तीन सेंटीमीटर रुंद आणि अकरा सेंटीमीटर लांब चिठ्ठ्यांवर उतरवायची आणि खास बनवून घेतलेल्या खणांच्या कपाटात लावायची. १८९४ ते १९१५ या काळात ती छापली, दोन लाख सतरा हजारांच्या वर. कपाट आज रीगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि युनेस्कोनं त्याला जागतिक ठेव्यात घेतलं आहे. युरो येण्यापूर्वी त्यांच्या शंभर लात्सच्या नोटेवर या बरोन्सचा दाढीवाला चेहरा होता. राजा नाही, सेनापती नाही, ओव्या गोळा करणारा माणूस! आपल्याकडं हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. नोटेचं जाऊ द्या, इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी ती दोन नावं ऐकली होती, हात वर करा. असो.

छापील अक्षराची कथा मात्र दोघींची जवळजवळ जुळी आहे. लात्वियनमधलं आज उपलब्ध असलेलं सगळ्यांत जुनं छापील पुस्तक १५८५ चं, शेजारच्या लिथुआनियातल्या विल्न्यूसला छापलेली कॅथलिक प्रश्नोत्तरी. तगालोगमधलं १५९३ चं, मनिलाला छापलेली ख्रिस्ती शिकवणूक. आठ वर्षांचं अंतर. आणि आपल्या फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ चं, गोव्यातल्या राचोलचं. परके पाद्री आले, त्यांना देव पोचवायचा होता, त्यासाठी आधी भाषा शिकावी लागली. मनिलाच्या पुस्तकात तगालोग दोनदा छापली आहे, एकदा रोमन अक्षरांत आणि एकदा त्यांच्या स्वतःच्या बायबायिन लिपीत. ही लिपी आपल्या ब्राह्मीच्याच वंशातली. अक्षरात 'आ' आधीच असतो, वर टिंब दिलं की इ, खाली दिलं की उ. पण पाय मोडायची सोय नव्हती. शेवटचं व्यंजन लिहायचंच नाही, वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. १६२० च्या सुमारास फ्रान्सिस्को लोपेझ या पाद्र्यानं खाली फुली मारून पाय मोडायची युक्ती काढली, आणि लोकांनी ती नाकारली. आमचं आम्हाला वाचता येतं, म्हणाले. परीक्षेत हे उत्तर मी द्यायला हवं होतं.

राज्यकारभाराच्या भाषेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा अभ्यास कमी आणि ऐकीव जास्त. १९३७ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष केझोन यांनी तगालोगला राष्ट्रभाषेचा पाया ठरवलं. तिलाच पुढं फिलिपिनो नाव मिळालं. आमचा फिटर इलोइलोचा, त्याची घरची भाषा वेगळी. तो म्हणायचा, तगालोग माझी बोटीवरची भाषा, आईशी मी ती बोललो तर ती जेवायला वाढणार नाही. लात्वियनची काळजी उलटी. बोलणारे जेमतेम पंधरा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढे. १९८९ च्या जनगणनेत स्वतःच्या देशात लात्वियन माणसं ५२ टक्के उरली होती. २०१२ साली रशियनला दुसरी राजभाषा करावी का यावर मतदान झालं, तेव्हा जवळपास पाऊणभर मतदारांनी नाही म्हटलं. सेकंड स्वतः युक्रेनच्या इलेक्ट्रिशियनशी रशियनमध्ये पत्ते खेळायचा आणि हरला की लात्वियनमध्ये पुटपुटायचा.

आता ज्यासाठी ही वही तुमच्यासमोर आणली ते पान. त्यावर एकच वाक्य तीनदा लिहिलं आहे.

उद्या पाऊस पडणार म्हणे.
उऊलान दाव बूकास.
रीत लीशुओत.

इंग्रजीत हे सांगायला लांबण लावावी लागते, 'असं लोक म्हणतात', 'असं माझ्या कानावर आलं'. आपल्याकडं एक 'म्हणे' टाकला की काम झालं. ऐकलंय, पाहिलं नाही, जबाबदारी माझी नाही. तगालोगमध्ये हेच काम 'दाव' करतो; आधीच्या शब्दाच्या शेवटी स्वर असेल तर त्याचा 'राव' होतो. आणि लात्वियनमध्ये तर वेगळा शब्दही नाही, क्रियापदच अफवेचे कपडे घालतं. पाऊस पडेल, 'लीस'. पडणार म्हणे, 'लीशुओत'. तो आजारी आहे, 'इर'. आजारी आहे म्हणे, 'एसुओत'. तीन भाषा, तीन ठिकाणी ठेवलेला एकच खोडकरपणा. हा रक्तातून आला म्हणावं तर तगालोग परक्या गोत्राची. शेजारातून आला म्हणावं तर रत्नागिरी, मनिला आणि लिएपाया यांच्यात कसला शेजार?

हे पान भरलं त्या दिवशी आम्ही सिंगापूरच्या वाटेवर होतो. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि सिंगापूरला माझा रिलीव्हर, म्हणजे माझ्या जागी येणारा बदलीचा माणूस, चढणार होता. बोटीवर बातमी कप्तानाकडून कधीच येत नाही, ती मेसरूममधून येते. सकाळी मेसमननं कॉफी ठेवता ठेवता सांगितलं, "दारातिङ ना राव आङ रिलीव्हर." येतोय म्हणे. मी आनंदानं बॅग भरायला काढली. दुपारी चारला सेकंड आला, लॉगबुक उघडलं, आणि वर न बघता म्हणाला की आत्ता वर ऐकलं, "मइन्य नेबूशुओत." बदली होणार नाही म्हणे. मी दोघांनाही विचारलं, कोणी सांगितलं? मेसमननं कुककडे बोट केलं, सेकंडनं छताकडे.

सिंगापूरला पाण्याची बार्ज आली, स्टोअर्स आले, रिलीव्हर काही आला नाही. पुढं साडेतीन महिने मी त्याच बोटीवर होतो. या वहीची मागची ऐंशी पानं त्या साडेतीन महिन्यांतली आहेत.